लॅबला आठ हजार, गावठीला पाचशे: शेल्टरची फी आणि कुत्रं कुणाला द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका शेल्टरने अडीच वर्षांच्या लॅब्रॅडॉर मादीसाठी आठ हजार रुपये अडॉप्शन फी सांगितली, आणि त्याच शेल्टरमधली गावठी पिल्लं पाचशे रुपयांत मिळतात. तुमचा अर्ज सगळ्यांत आधी गेला होता, कोथरूडला स्वतःचं रो हाउस आहे, पंधरा हजार द्यायचीही तुमची तयारी होती. तरी लॅब गेली वन बीएचकेत राहणाऱ्या एका जोडप्याकडे. मग हे शेल्टर म्हणायचं की दुकान?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ज्या जातीला मागणी जास्त तिला फी जास्त लावणं योग्य का, हा एक. आणि एका कुत्र्यामागे वीस घरं रांगेत असतील तर त्यातलं घर कसं निवडायचं, हा दुसरा. माझं मत आधीच सांगून टाकतो: फी कमीजास्त असायला हरकत नाही, पण फीच्या जोरावर घर निवडलं जाता कामा नये. कुत्र्याचा फोटो बाहेर पडण्याआधी रक्कम ठरलेली असावी, आणि अर्ज वाचणाऱ्याला कोण किती देऊ शकतं याचा पत्ताही नसावा. त्या शेल्टरने तुमचे वरचे सात हजार नाकारले. तुम्हाला राग येणं साहजिक आहे, पण मला त्यांच्या बाजूची हीच सगळ्यांत भक्कम गोष्ट वाटते. दुकान असतं तर लॅब आज तुमच्या अंगणात असती. बाकी बरंचसं ते शेल्टर आतून कसं चालतं यावर अवलंबून आहे.

आधी पैशाचं बघू. ब्रीडरने, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याने, सोडून दिलेली लॅब मादी आली की पहिल्याच आठवड्यात रक्ताची तपासणी आणि गोचीड तापाची टेस्ट होते: दोन हजार. आपल्याकडे गोचीड ताप इतका सर्रास आढळतो की ही टेस्ट टाळून चालत नाही. ताप निघाला तर डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स आणि बाकी औषधं: दीड हजार. नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस: दीड हजार. मोठ्या मादीची नसबंदी: आठ हजार. मायक्रोचिप: एक हजार. झाले चौदा हजार. खाणं आणि देखभाल दिवसाला दीडशे रुपये धरली तर चाळीस दिवसांचे सहा हजार, म्हणजे एकूण वीस हजार. आकडे ढोबळ आहेत, क्लिनिकप्रमाणे बदलतील, आणि सवलतीत ऑपरेशन करून देणारा डॉक्टर असेल तर बरेच खाली येतील. पण आठ हजारांत त्या कुत्रीचा खर्च निघालेला नाही, हे सवलत धरली तरी बहुधा दिसेल.

"खर्च जास्त म्हणून फी जास्त" हे उत्तर बरीच शेल्टरं देतात. ते मला पटत नाही, कारण अर्धंच खरं आहे. लॅब चाळीस दिवसांत घरी जाते. चार वर्षांचा काळा गावठी कुत्रा सहाशे दिवस तिथेच असतो, आणि त्याच दीडशे रुपयांच्या हिशेबाने नुसत्या खाण्यादेखभालीचे नव्वद हजार होतात. खर्चावर फी लावायची म्हटलं तर जो कुणालाच नकोय त्याची फी सगळ्यांत जास्त येईल. तसं कुणी करत नाही आणि करूही नये. तेव्हा सरळ सांगावं: लॅबसाठी लोक आठ हजार देतात म्हणून आम्ही आठ हजार घेतो, आणि त्यातून त्या काळ्या कुत्र्याचं भागवतो. यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं की मात्र संशय येतो, आणि तो रास्त असतो.

या जास्तीच्या फीला एक मर्यादा हवी. बाजारात बिनकागदाचं, म्हणजे वंशावळीची नोंद नसलेलं, लॅबचं पिल्लू जेवढ्याला मिळतं त्याच्या बरीच खाली ती असावी. नाहीतर माणूस म्हणतो, एवढेच द्यायचे तर पिल्लूच घेतो, आणि ब्रीडरकडे जातो. शिवाय जातवार दरपत्रक नको. शिह त्झू दहा हजार, गोल्डन बारा, हस्की पंधरा अशी यादी दिसली की पुढे रंगाचे आणि वयाचे दर लागायला वेळ लागत नाही. वयाचे दर लागले की सात वर्षांचं कुत्रं कागदावर चार वर्षांचं होतं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं वय दातांवरून सांगणं हा शेवटी अंदाज असतो आणि तो हवा तिकडे वळवता येतो. मी तीनच टप्पे ठेवायला सांगतो: ब्रीडची (जातिवंत) पिल्लं आणि तरुण कुत्री एका फीत, गावठी एका फीत, आणि सात वर्षांवरची किंवा आयुष्यभर औषध लागणारी बिनफी, मग जात कुठलीही असो.

मग ब्रीडची कुत्री फुकटच का देऊ नयेत? तशी देता आली तर मला आनंदच आहे. फी भरणारा माणूस कुत्र्यावर जास्त जीव लावतो हा समज फारसा टिकत नाही. अमेरिकेत २००९ साली मांजरांच्या बाबतीत हे तपासलं गेलं, तेव्हा फी भरलेल्या आणि न भरलेल्या घरांच्या मायेत फरक दिसला नाही. "आठ हजार परवडत नाहीत त्याला डॉक्टर कसा परवडणार" हेही ऐकायला ठीक वाटतं, पण एकदाच भरलेली रक्कम दर महिन्याच्या खर्चाबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा अर्जदाराला विचारावं की रात्री अकरा वाजता कुत्र्याला उलट्या सुरू झाल्या तर कुठे न्याल, आणि पंधरा हजारांचं बिल आलं तर काय कराल. उत्तरात सगळं कळतं.

अडचण फुकट घेणाऱ्या चांगल्या घरांची नसते. "लॅब मादी, फ्री अडॉप्शन" अशी जाहिरात टाका, पहिल्या तासाभरात येणाऱ्या फोनांत दोन-तीन जण फक्त एवढंच विचारतात: माजावर आली का? ऑपरेशन झालंय का? ऑपरेशन झालंय म्हटलं की फोन बंद. नसबंदी न झालेली तरुण मादी ज्याच्या हाती पडते तो तिची पिल्लं विकणार, आणि एका वेतात सहा-आठ पिल्लं झाली तर तुमचे आठ हजार त्याला पहिल्या पिल्लातच परत मिळतात. म्हणजे फी हे ब्रीडरविरुद्धचं कुलूप नाहीच. खरं कुलूप नसबंदी. कुठल्याही शेल्टरची नीतिमत्ता मोजायची तर मी फीचा आकडा नंतर बघतो. आधी बघतो की ब्रीडचं एकही वयात आलेलं कुत्रं ऑपरेशनशिवाय बाहेर जातं का.

यात कुठे गाडी अडते तेही सांगतो, कारण "अजून देत का नाहीत" अशी तक्रार नेहमी होते. गोचीड तापात प्लेटलेट उतरलेल्या असतात. त्या वर येईपर्यंत ऑपरेशन केलं तर रक्तस्रावाचा धोका असतो. मादी माजावर असेल तर माज संपल्यावर साधारण दोन-तीन महिने थांबावं लागतं. नुकती व्यालेली असेल तर दूध आटेपर्यंत थांबायचं. वेतामागून वेत घेतलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो, म्हणून सोनोग्राफी आधी. तो निघाला तर मात्र उलट, थांबायचं नाही, तब्येत सावरून लगेच ऑपरेशन.

पिल्लांचं प्रकरण अवघड आहे. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्यात वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांच्या विकारांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. मग काही शेल्टरं तीन हजार डिपॉझिट घेतात आणि ऑपरेशनचं सर्टिफिकेट दाखवल्यावर परत देतात. एकट्या डिपॉझिटने काम होत नाही, कारण ज्याला पिल्लं विकायचीत तो तीन हजारांवर सुखाने पाणी सोडतो. चालणारी पद्धत अशी: पिल्लू फॉस्टर म्हणून द्यायचं, कागदावर ताबा तुमचा पण मालकी शेल्टरची, आणि ऑपरेशन झाल्यावरच मालकी तुमच्या नावावर. ऑपरेशन ठरलेल्या डॉक्टरकडे, शेल्टरच्या खर्चाने, कारण तो खर्च फीतच धरलेला असतो. चिप आधीच बसवलेली हवी. चिपमध्ये नाव-पत्ता नसतो, पंधरा आकडी नंबर असतो. तो ज्या नोंदवहीत चढवला तिथे पहिला फोन तुमचा आणि दुसरा शेल्टरचा असेल तरच चिपचा उपयोग. नुसती चिप बसवून नोंदणी न करणं हा आपल्याकडचा फार मोठा घोळ आहे.

याहून मोठा नैतिक प्रश्न कुत्रं आत येताना उभा राहतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. २०१७ च्या कुत्रे पैदास आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मादी अठरा महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत. नियम असे आहेत. प्रत्यक्षात वाघोलीच्या पुढे किंवा चाकणच्या बाजूला शेडमध्ये धंदा करणारा माणूस पाच-सहा वर्षांची, थकलेली मादी शेल्टरच्या दारात आणून सोडतो. ती घेतली नाही तर तो तिला हायवेला सोडणार. घेतली तर त्याचा पिंजरा रिकामा होतो आणि तिथे नवी येते. इथे सरसकट उत्तर नाही. मी तीन अटींवर घ्यायला सांगतो: त्याला एक रुपयाही द्यायचा नाही, मालकी सोडल्याचं लेखी घ्यायचं, आणि निवडक नाही तर त्याला नको असलेली सगळी घ्यायची. त्याने तीन वर्षांची देखणी गोल्डन पुढे केली आणि नऊ वर्षांची, स्तनात गाठ आलेली मागे ठेवली, तर तो शेल्टरचा वापर करतोय. आणि शेल्टरने देखणीच उचलली तर शेल्टर त्याचं गिऱ्हाईक झालंय. पैसे मोजून "रेस्क्यू" करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो पैसा पुढच्या वेताच्या खुराकाला जातो.

म्हणून शेल्टरला विचारायचा प्रश्न हा: तुमच्याकडे गेल्या वर्षी किती कुत्री आली, त्यात ब्रीडची किती आणि गावठी किती, आणि ब्रीडची आली कुठून? पुण्याच्या रस्त्यावर बहुतांश कुत्री गावठी असताना एखाद्या शेल्टरच्या पेजवर नुसती लॅब, शिह त्झू आणि हस्कीच दिसत असतील, तीही दोन-तीन महिन्यांची, तर तिथे मागच्या दाराने खरेदी चालू आहे असं समजायला हरकत नाही. दोन महिन्यांची ब्रीडची पिल्लं अधूनमधून सापडतात. मागणीनुसार नियमित सापडत नाहीत.

पावतीचंही एक बघा. फी सक्तीची असेल तर पावतीवर अडॉप्शन फीच लिहिलेलं हवं. "डोनेशन" म्हणून ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती कुणी पुढे केली तर नको म्हणा. कुत्र्याच्या बदल्यात दिलेले पैसे स्वेच्छेची देणगी होत नाहीत, आणि उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आता निवडीकडे येतो, म्हणजे तुमच्या खऱ्या तक्रारीकडे. पहिला अर्ज त्याला पहिला हक्क, हे गॅसच्या नंबराला ठीक आहे. कुत्र्याला नाही, कारण पहिला अर्ज फक्त कुणाच्या हातात फोन होता एवढं सांगतो. चांगली पद्धत अशी की माहिती टाकल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत, समजा पुढच्या रविवारपर्यंत, अर्ज घ्यायचे आणि मग एकत्र वाचायचे. दोघांनी वेगवेगळे वाचायचे, आणि त्या दोघांत पैसे सांभाळणारा माणूस नको.

वाचताना घर किती मोठं आहे यापेक्षा हे कुत्रं त्या घरात दिवसाचे चोवीस तास कसं जगेल हे बघायचं असतं. रो हाउस किंवा बंगला म्हटला की लोकांना वाटतं आपला नंबर नक्की. अनुभव असा आहे की अंगण असलेल्या घरात कुत्रं अंगणातच राहतं. सकाळी गेट उघडून सोडलं की फिरवणं झालं असं मानलं जातं, आणि पाहुणे आले की साखळी. वन बीएचकेतल्या माणसाला दिवसातून तीनदा खाली न्यावंच लागतं. तुमच्या घरी असंच होईल असं मी म्हणत नाही. पण अर्जात "मोठं अंगण आहे" एवढंच लिहिलेलं असेल आणि कुत्री झोपणार कुठे, दिवसभर घरी कोण, फिरवणार कोण हे नसेल, तर त्या जोडप्याचा नीट लिहिलेला अर्ज पुढे जाणारच.

जोडी लावताना कुत्र्याची गरज आधी लिहायची. खुब्यात दोष असलेली लॅब लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही, मग पेठेतलं घर कितीही प्रेमळ असो. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना एप्रिल-मेच्या दुपारी धाप लागते. पत्र्याच्या छताचं घर असेल तर कूलरची सोय विचारायची. हस्कीच्या बाबतीत मी आणखी कडक आहे: दिवसभर थंडावा आणि पहाटे तासभर पळवणारा माणूस, दोन्ही हवं. हिंजवडीला आठला निघून रात्री आठला परतणाऱ्यांना एकटं राहण्याची सवय नसलेलं कुत्रं द्यायचं नाही, पण शांत, सहा वर्षांचं कुत्रं आणि दुपारी येणारी मावशी असेल तर जरूर द्यायचं. मुळशी-पानशेतच्या फार्महाउससाठी, किंवा जुन्नर-आंबेगावकडच्या मळ्यासाठी राखणीला जर्मन शेफर्ड मागणारे बरेच असतात. तिथे रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. रात्री आत घेणार असाल तर बोलू, असं स्पष्ट सांगायचं.

भाड्याचं घर हे नकाराचं कारण नाही, फक्त घरमालकाचं लेखी हवं. सोसायटीने "कुत्री चालत नाहीत" असा ठराव केला असला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने लेखी स्पष्ट केलेलं आहे. तरीही शेजाऱ्यांशी कायम भांडण असलेल्या घरात कुत्र्याचे हाल होतात, म्हणून घरभेटीला गेल्यावर वॉचमनशी दोन मिनिटं बोलायचं. त्याला सगळं ठाऊक असतं. आणि आडनाव, पेठ की वस्ती, मांसाहारी की शाकाहारी, लग्न झालंय की नाही, यावरून अर्ज बाजूला काढणारी शेल्टरं आहेत. कारण कधीच सांगत नाहीत, "मॅच नाही झालं" म्हणतात. जातिवंत कुत्र्याच्या निमित्ताने माणसांची निवड होते ती अशी. त्यावर उपाय एकच: नकाराचं कारण लेखी द्यायचं. लिहायची वेळ आली की असली कारणं लिहिता येत नाहीत.

वशिला हा याचाच भाऊ. ब्रीडचं देखणं पिल्लू आलं की पोस्ट पडण्याआधीच ते एखाद्या व्हॉलंटियरच्या मावसबहिणीकडे किंवा मोठ्या देणगीदाराकडे पोचलेलं असतं. नियम असावा की कार्यकर्ते आणि देणगीदार त्याच रांगेत उभे राहतील. अपवाद फक्त फॉस्टरचा. ज्याने आजारपणात महिनाभर घरी सांभाळलं, त्याच्याकडे कुत्रं रमलंय, त्याला पहिला हक्क द्यावा. तिथे कुत्र्याचं मत आधीच कळलेलं असतं.

लॅबसाठी आलेले बाकीचे अर्ज हे माझ्या मते जास्तीच्या फीपेक्षा मोठं उत्पन्न आहे. त्या प्रत्येकाला फोन करून "लॅबच का?" हे विचारावं. बहुधा उत्तर येतं: मुलांत मिसळणारी, न चावणारी, बाहेर शी-शू शिकलेली हवी. तसं मोठं गावठी कुत्रं शेल्टरमध्ये असतंच, ते दाखवावं. पण यात दोन गोष्टी करू नयेत. लॅब गेल्यावर तिचा फोटो गर्दी ओढण्यासाठी तसाच ठेवणं ही फसवणूक आहे. आणि लॅब हवी तर एक गावठीही न्या, अशी जोडसक्ती केली की ते दुसरं कुत्रं महिन्याभरात परत येतं, नाहीतर परतही येत नाही.

परतीचा नियम फीइतकाच महत्त्वाचा. पंधरा दिवसांत परत आणलं तर फी पूर्ण परत. त्यानंतर फी नाही, पण कुत्रं मात्र कधीही परत घेणार, दहा वर्षांनीसुद्धा. "एकदा दिलं की तुमची जबाबदारी" असं सांगणाऱ्या शेल्टरला आठशेही देऊ नका. तसंच चावल्याचा इतिहास, फिट, खुब्याचा एक्स-रे, गोचीड तापाचे रिपोर्ट, हे सगळं फी भरण्याआधी हातात मिळायला हवं. सुंदर कुत्र्याचे दोष झाकायचा मोह जास्त होतो, कारण ते लवकर जाणार असतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर त्या शेल्टरला मेल करून निवडीचं कारण विचारा, आणि प्रतीक्षा यादीत नाव ठेवायला सांगा. अर्ज पुन्हा लिहा. रात्री कुत्री कुठे झोपेल, सकाळी आणि संध्याकाळी कोण, किती वाजता फिरवेल, दिवसा घरी कोण असतं, गावी गेलात तर कुठे ठेवाल, जवळचा डॉक्टर कोण, पालिकेचा परवाना काढणार का (त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, ते शेल्टरकडून घेऊन ठेवा). गेटच्या गजांतली फट मोजून लिहा, चार इंचांपेक्षा जास्त असेल तर जाळी लावून घ्या. वरच्या सात हजारांचा उल्लेख या अर्जात करू नका. द्यायचेच असतील तर त्या सहाशे दिवसवाल्यासाठी वेगळे द्या, लॅबचा निर्णय होऊन गेल्यावर. त्याची ८०जी ची पावती मात्र बिनदिक्कत मागा.